बॅकअपात न आलेली कुलपं

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
सगळी मशिनं बंद करून, पुसून पूजा. देसाई सर (चाकणच्या या कंपनीचे मालक; इथले कॉम्प्युटर मी सांभाळते) म्हणाले, "सर्व्हरपण बंद कर. चालू यंत्राची पूजा करतात का?" म्हटलं, सर, तो म्हातारा आहे, कधी बंद केलेला नाही. "त्यालाही एक दिवस विश्रांती मिळू दे." मला कधी मिळणार, ते विचारलं नाही. हळदकुंकू, झेंडूचा हार, बंद. राजीनामा देऊन झालाय. १३ पासून तळवड्याला नवी नोकरी. रिलीव्हिंग लेटर हातात पडलं की सुटले.

३, शुक्रवार.
सर्व्हर उठत नाही. डिस्क गेल्या. हार अजून ताजा.
बॅकअप आहे, नशीब. पण सर्व्हर लिनक्सचा आणि बॅकअप विंडोजच्या डिस्कवर. सरांना घरच्या लॅपटॉपवर उघडून बघायचा असतो ना! लिनक्सच्या फाइली तिकडे टाकल्या की मजकूर राहतो. कुणाची फाइल, कुणी उघडायची, हे सगळं गळून जातं. सांगितलं होतं. ऐकतंय कोण.

४, शनिवार.
सगळं परत आलं, एक फाइल कमी नाही. पण माझ्या लॉगिननं उतरवलं, म्हणून प्रत्येक फाइलची मालकीण मी. दुसऱ्या कुणाला काही उघडेना. क्वालिटीवाले मंजूर ड्रॉइंगला जो टॅग लावायचे, तोही फाइलीला चिकटलेला होता, तोही गेला. आता जुनं ड्रॉइंग कुठलं, नवं कुठलं, कळत नाही.
सर डोक्यावर उभे. "डेटा आला ना? मग अडलंय कुठं?" वैतागून सात-सात-सात मारलं. म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं. शॉपवरची प्रेस मशिनं चालू झाली. सर खूश.
एचआरचं फोल्डरही खुलं. बघायला नको होतं, बघितलं. माझं लेटर टाइप केलेलं आहे. तारखेची जागा रिकामी. सही नाही.

६, सोमवार.
प्रेस शॉपचे शिंदे आले. लातूरकडचे, वयस्कर, ऑफिसात कधी पाय ठेवत नाहीत. त्यांचा मेडिकल रिपोर्ट एचआरच्या फोल्डरमध्ये होता. शॉपवरच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी उघडून वाचला. पूर्वी झटके यायचे. आता गोळी चालू आहे, त्रास नाही, डॉक्टरांनी कामाला परवानगी दिलीय. तरी सुपरवायझरनं मशिनवरून काढून पॅकिंगला बसवलं. कँटीनमध्ये लोक त्यांच्यापुढं हातपाय थरथरवून दाखवतात.
"मॅडम, त्याला कुलूप होतं म्हणं तुमच्याकडं."
होतं.
"मग काढलं कशापायी?"
काय सांगू? डिस्कचा फॉरमॅट? सात-सात-सात मी मारलं. फोल्डर त्यांच्यासमोरच बंद केलं, पण उशीर झालाच होता. फार लाज वाटली.

७, मंगळवार.
बाकीची कुलपं कशी लावायची? कुणाला काय दिसायचं, हे फाइलींवर होतं आणि माझ्या डोक्यात. फाइलींवरचं गेलं. सर गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे तुझ्याशिवाय होणार नाही. दिवाळीनंतर जा की." म्हटलं, १३ ला रुजू व्हायचंय. "लेटर काय गं, तयारच आहे."
तयार आहे. बघितलंय मी.
घरी येताना तळेगाव रस्त्यावर कंटेनर आडवा. पुढं जाता येईना, मागं वळता येईना. हेल्मेटमध्येच रडून घेतलं.

८, बुधवार.
टेबलाटेबलावर जाऊन विचारलं: तुला काय दिसायचं? प्रत्येकजण होतं त्यापेक्षा जास्त सांगतो. फुकटची किल्ली कुणाला नको! क्वालिटीवाले बिचारे एकेक ड्रॉइंग तपासून पुन्हा टॅग लावतायत.

९, गुरुवार. वीज बंद, म्हणून सुट्टी.
तळवड्याहून फोन. सोमवारी लेटर घेऊनच या, नाहीतर दुसरा उमेदवार आहे. महेश, माझा नवरा, म्हणाला, "सगळं उघडं टाक अन् ये निघून. आपल्या बापाचं काय जातंय?" आपलं नाही. शिंद्यांचं गेलं. त्याला हे सांगितलं. मी दुपारभर घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

१०, शुक्रवार.
सगळ्या परवानग्या लागल्या. बॅकअपला नवी डिस्क, लिनक्सची. या वेळी आरसिंकला (नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला) कॅपिटल ए आणि कॅपिटल एक्स दोन्ही: एकानं परवानग्या येतात, दुसऱ्यानं टॅग. मग रिकाम्या मशिनवर उतरवून पाहिलं. मालक, गट, टॅग, सगळं जसंच्या तसं. किती बरं वाटलं!
सर: "ही डिस्क माझ्या लॅपटॉपवर उघडत नाही." उघडणार नाहीच, म्हटलं. रूटचा, म्हणजे सगळी कुलपं उघडणारा पासवर्ड त्यांना बदलायला लावला. ते टाइप करत होते तेव्हा मी तोंड फिरवलं. जाणाऱ्या माणसाकडं किल्ली नको.

११, शनिवार. शेवटचा दिवस.
शिंदे अजून पॅकिंगलाच. मला बघून म्हणाले, "बसलं का कुलूप?" बसलं, म्हटलं. त्यांनी मान डोलावली, टेप लावत राहिले.
सर दुपारीच मुंबईला. एचआरवाले अर्ध्या दिवसानं गेलेले. सरांना फोन केला. "अगं, सही करून स्कॅन फोल्डरमध्ये टाकलंय. सोमवारी ये, प्रिंट देतील." सोमवारी तळवडे आहे, सर. मेल करा ना. "गाडी चालवतोय." कट.
एचआरच्या फोल्डरवर क्लिक केलं. परवानगी नाही. पुन्हा केलं. नाही. कुलूप मीच लावलंय, चुकेल कसं.
आत सही केलेलं लेटर आहे की तीच रिकामी जागा, कळायला मार्ग नाही. महेश विचारतोय, सोमवारी गाडी कुठं काढायची, चाकणला की तळवड्याला.