आधी ठरवलेली जोडी

सर, आज ऑफिसात तुमचा एक प्रश्न मी दुसऱ्या कुणाला तरी विचारला आणि तेव्हापासून माझंच चित्त थाऱ्यावर नाही. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहायचं सुचलं नाही असं नाही, टाळलं.

वारज्याचं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. रविवारची सकाळ, मी प्रबंधाचे कागद घेऊन आलेली, काकू पोहे परतता परतता मला विचारतायत, "कांदे सगळे सडवलेस, की पोह्यांपुरते ठेवलेस गं?" मार्केट यार्डातून आणलेला कांदा मी चार प्रकारे साठवला होता: बारदानात, जाळीच्या पिशवीत, बांबूच्या टोपलीत आणि लाकडी खोक्यात. दर आठवड्याला सडका वेचून वजन करायचं. अंगाला असा वास यायचा की बसमध्ये शेजारची बाई उठून जायची. एवढं करून एफ चाचणीत चारांमध्ये कुठेतरी खरा फरक आहे असं निघालं, म्हणून मी नाचतच आले होते. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "अहो विदुषी, घरात कुणीतरी घोरतंय एवढंच कळलंय. कोण घोरतंय ते शेजारी शोधणार का?"

मग बशा बाजूला सारून तुम्ही शिकवलंत. चार सरासऱ्या, म्हणजे जोड्या सहा. सगळ्या तपासायच्या तर निकष कडक लावायचा, "कारण सहा दारं ठोठावलीस तर एखादं उगाचही उघडेल, त्यात तुझं कर्तृत्व काय?" आकडे बघण्याआधीच एखादी जोडी ठरवली असेल, तर मात्र एवढा कडकपणा नको. आठवडाभर मी गणितं केली. टोपलीत कांदा जाळीपेक्षा कमी सडला होता आणि माझा सगळा प्रबंध त्यावर उभा होता. कडक निकषात नेमकी तीच जोडी टिकेना. पुढच्या रविवारी मी तेवढी एकच जोडी, साध्या निकषावर तपासून, घेऊन आले.

"ही आधी ठरवली होतीस?" तुम्ही विचारलंत.

"हो, सर."

"शाबास," म्हणालात आणि सही केलीत. मी कागद पिशवीत भरले. पदवी मिळाली त्या दिवशी तुम्ही तुमचं संख्याशास्त्राच्या कोष्टकांचं जुनं पुस्तक मला दिलंत. पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात एक ओळ होती: "आकडे पाहण्याआधी प्रश्न ठरवणाऱ्या विद्यार्थिनीस." ते पान मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही.

आज हिंजवडीत आमच्या टीममधली नवी मुलगी चार जाहिरातींची तुलना घेऊन आली, आणि त्यातली एकच जोडी. मी विचारलं, "ही आधी ठरवली होतीस?" ती म्हणाली, "नाही मॅडम, आकडे बघूनच पिक केली. चालणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही चालणार, सहाही जोड्या तपास, कडक निकषानं." "शी, मग काहीच उरणार नाही!" असं म्हणत हसत हसत गेली. केवढं सोपं होतं ते, सर! मला तिचा हेवा वाटला.

तुमचं पुस्तक तिला द्यावं म्हणून घरी आल्यावर कपाटातून काढलंय. पण द्यायचं तर ती ओळ मला कशी मिळाली, तेही सांगावं लागेल. सांगेन उद्या, धीर झाला तर. तुम्हाला मात्र आधी सांगते. नव्हती ठरवली, सर. आकडे बघूनच निवडली होती.