आईच्या नावाचा दावा

नळदुर्ग
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शिवशरणला अक्काचे अनेक आशीर्वाद.

आमी इकडं खुशाल. तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून कागद-पेन घेऊन बसले.

पहिल्यांदा हे सांगते, की दावा म्या जिंकला. तू म्हणशील, तडजोड झाली. झाली असू दे. वेगळं होताना करारात साफ लिहिलं होतं, हायवेवरची जागा तुझी आणि खानावळीला 'गंगम्मा' हे आईचं नाव माझं. तरी तुझ्या धाब्यावर तेच नाव रंगवलंस, वर आईचा फोटो. शेवटी तुळजापूरला जजसाहेबांपुढं तुझ्याच तोंडानं कबूल केलंस, ह्या नावानं धंदा करणार न्हाय, कायमची मनाई मान्य. त्या दिवशी म्या अख्ख्या गल्लीत जिलेबी वाटली. ट्रकवाले आता बरोबर माझ्याच दारात थांबतात. शेंगाचटणी दुपारीच संपते. लई भारी वाटतंय बघ.

तुझी पाटी उतरताना बघायलाही आले होते. मुद्दाम, डोळं भरून बघावं म्हणून. तू स्वतः शिडीवर चढलास, आधी आईचा फोटो काढलास, टॉवेलनं पुसलास अन् पोटाशी धरून खाली आलास. मग मला तिथं थांबवेना.

काल ईरण्णामामा जेवायला आले. तुला मुलगी झाल्याचं मला त्यांच्याकडून कळावं? शिवांजली म्हणाली, पोरीला सासूबाईंचं नाव ठेवू. तर तू म्हणालास म्हणे, "नको, कोर्टाचा हुकूम मोडला तर जेलात टाकतील."

अरे येड्या, मनाई पाटीला हाय, बिलाला हाय. पाळण्याला कशी आसंल? मामांसमोर पोट धरून हसले, अन् आत जाऊन शेगडीपाशी रडले. तुझी लई आठवण येते रे. जिंकले त्या दिवशीही आली.

रविवारी बारशाला येतेय. बोलावणं पाठव, न्हायतर पाठवू नको. पोरीच्या कानात आईचंच नाव सांगणार. शिवांजलीला म्हणावं, पाठीत बुक्के हलक्या हातानं मार. नाव ठेवायचा हक्क आत्याचा असतो, तो म्या कुठल्याच करारात तुला लिहून दिलेला न्हाय. अडवायचं असंल तर जा, कोर्टातनं हुकूम आण.

तुझी अक्का,
आणि रविवारपासून गंगम्माची आत्या