मदतनिसासाठी वजन-चाचणी

४ एप्रिल १९८३, जळकोट
लातूर जिल्हा नवा, ऑफिस नवं, टेबल मात्र डुगडुगतं. तक्रार नाही. हापसा दुरुस्ती पथकाचे दोन मदतनीस निवडायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. नांदेडहून आलेला अनुभवी क्लार्क मी एकटाच, त्यामुळे साहजिकच. संकल्प: भरती शंभर टक्के निःपक्षपाती. वशिलेवाल्याला चहासुद्धा नाही.

५ एप्रिल
अर्ज घेऊन चक्क एक बाई आली. पंचशीला. तळ्याच्या कामावर रोजगार हमीत आहे. बोअरमधून लोखंडी पाइप ओढायचे असतात, बाईमाणसाचं काम नव्हे, हे शांतपणे समजावलं. ती म्हणे, साहेब, पाऊस पडला की हमी बंद, मग लेकरं घिऊन कुठं जाऊ? मला बारमाही काम पायजे. वाईट वाटलं. पण नियम तो नियम. कुठं लिव्हलाय नियम, विचारत होती. जेवायची वेळ झाल्याने चर्चा थांबवली.
जेवताना सौदामिनीला सगळं सांगितलं. ती हापशावरच्या रांगेतून नुकतीच आली होती. ऐकता ऐकता घागर तेवढी दाणकन ठेवली. मन लावून ऐकणारी बायको मिळायला नशीब लागतं.

७ एप्रिल
वजन-चाचणी ठरवली. आयडिया माझीच. वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन तळ्याच्या बांधावर एक फेरी. फक्त पुरुष उमेदवार. एकदम शास्त्रीय.
पंचशीला पुन्हा हजर. मला बी उचलू द्या, पडले तर नाव काढा, म्हणे. बाईमाणसाला इजा झाली तर जबाबदार कोण? वैताग आहे नुसता! शेवटी अर्ज ठेवून घेतला. शेरा नंतर मारू.

९ एप्रिल, सकाळी, तळ्यावर
व्यवस्था फर्स्ट क्लास. पोती नाल्यातून बांधावर आणायला ट्रॅक्टर मिळेना, म्हणून हमीवरच्या बाया लावल्या. पंचशीला, सरजाबाई, आणखी दोघी. चढ उभा आहे, पण चहा संपेपर्यंत सगळी पोती वर! आभार मानले आणि लांब बसायला सांगितलं. पंचशीला फणकारली, पोती आमीच आनली की साहेब, आता अजून कसली चाचनी? हिला कोण समजावणार. आणणं वेगळं, चाचणी वेगळी.

दुपारी
चाचणी यशस्वी. व्यंकटी आणि केरबा पास. व्यंकटीनं पोतं मध्येच दोनदा खाली ठेवलं, पण ठेवण्यात ऐट होती. पंचशीलाच्या अर्जावर शेरा मारला: ‘वजन झेपणार नाही.’ चाचणी बघायला आलेले आमचे साहेब जीपने गेले, उमेदवार मिळेल त्या ट्रकने.
जाता जाता एक नापास उमेदवार बडबडला, ह्या साहेबाला तरी उचलतंय का. उद्धट! कुणी बघत नाहीसं पाहून एक पोतं उचललं. जवळजवळ उचललंच. कमरेत कट् झालं.

नंतर. वेळ सांगता येत नाही, घड्याळाचा हात अंगाखाली आहे
कामावरच्या झोपडीतून बाज आणून त्याच चौघींनी मला उचलून गावाकडे न्यायला घेतलं. चांगल्या चालत होत्या. अर्ध्या वाटेत पंचशीलानं विचारलं, माझ्या अर्जावर काय लिव्हलंत? खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. सांगितलं.
ती थांबली. बाकीच्यांना म्हणाली, आगं बायांनो, आपल्याला वजन झेपत न्हाई म्हनं. ठिवा खाली.
ठेवलं. चौघी बाभळीच्या सावलीला जाऊन बसल्या. बाज उन्हात.
शासकीय माणसाला असं वागवतात का, म्हणून ओरडलो. ओरडताना कंबर जास्त दुखते. सरजाबाई म्हणे, आमाला इजा झाली तर जबाबदार कोन?

थोड्या वेळाने
अर्जाचा पुनर्विचार केला. जुना शेरा खोडून लिहिलं: ‘वजन उत्तम झेपते. नेमणुकीस शिफारस.’ पंचशीलानं हातातून घेऊन वाचलं, सही बी करा म्हणाली. केली. सदर निर्णय स्वेच्छेने, कोणाच्याही दबावाखाली न येता घेतला आहे.
बाज उचलली. तीनच कोपरे. चौथ्याजवळ सरजाबाई हाताची घडी घालून उभी आहे. जागा दोन हायत ना, विचारते आहे.