पावसासाठीची अंडी

आविला,
सोमवार, १८ सप्टेंबर

प्रिय ओब्दुलियाताई,

तुझा गुडघा आता कसा आहे? बिल्बाओहून तुला येता आलं नाही, पण तुझ्या भाचीचं, लेओनोरचं लग्न शनिवारी पार पडलं. भर पावसात. फोटोत सगळे हसताना दिसतील, पण नवरीच्या झग्याचा घेर चिखलाने माखला होता आणि त्याला कारण मी आहे.

व्याही-विहीण सेव्हियाहून गुरुवारीच आले. विहीणबाई रेयेस बोलक्या, नटव्या आणि जरा टोचून बोलणाऱ्या. शुक्रवारी त्यांना गावाच्या तटावर फिरवायला नेलं. पाहुणे आल्याशिवाय आपण कुठे तट चढतो? उंच टाचांचे बूट घालून बाई पुढे, मी मागे, आणि व्याही प्रत्येक बुरुजावर फोटो काढत उभे. कॅथेड्रलची पाठ तटात घुसलेली बघून बाई म्हणाल्या, "देवालासुद्धा पहाऱ्यावर उभं केलंत की तुम्ही."

मी हसले, पण सगळं लक्ष पिशवीतल्या फोनकडे होतं.

ताई, आता सांगते. ऑगस्टमध्ये आंघोळ करताना माझ्या छातीत गाठ हाताला लागली. आईला होती तिथेच. तुकडा काढून तपासायला पाठवला होता. लग्नघरात सांगणार कुणाला? होनोरातोलाही सांगितलं नाही. नवरा असला तरी त्याच्या पोटात काही राहत नाही, तुला ठाऊक आहे.

त्यात पाहुणे यायच्या आदल्या दिवशी संत क्लारेच्या मठात अंडी घेऊन गेले. लग्नात पाऊस नको म्हणून आईने तुझ्या वेळी नेली, माझ्या वेळी नेली, आता माझी पाळी. भिंतीतल्या फिरत्या कपाटात टोपली ठेवली. पलीकडून सिस्टरचा आवाज आला, "कोणत्या दिवशी पाऊस नको?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पावसाचं राहू द्या, सिस्टर. माझी गाठ साधी निघू दे."

त्या म्हणाल्या, "अंडी पावसासाठीच असतात, बाई. पण विचारून बघते."

शुक्रवारी आम्ही तटावर असतानाच पाऊस आला आणि फोनही आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ साधी आहे. मी ओल्या दगडावर बसकण मारली आणि ढसाढसा रडले. विहीणबाई घाबरल्या. आपली महागडी शाल माझ्या डोक्यावर धरून म्हणाल्या, "अहो, एवढ्याशा पावसाला रडतात होय? लेओनोर पोरगी आहे, मिठाचं पोतं नाही विरघळायला." तेव्हापासून बाई मला आवडायला लागल्या.

शनिवारी चर्चच्या दारात सगळे भिजले तेव्हा होनोरातो माझ्या कानाशी पुटपुटला, "शिळी अंडी दिलीस की काय गं?" काल जेवताना त्याला सगळं सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "उद्या मीही येतो मठात."

आज सकाळी अंडी घेऊन दोघं गेलो. सिस्टरने आवाज ओळखला. "आता कोणता दिवस?"

मी तुझं नाव सांगितलं.

ताई, आई आपल्या दोघींची होती. याच आठवड्यात तपासून घे, गुडघ्याची सबब सांगू नकोस. बिल्बाओत पाऊस पडला तर पडू दे.

तुझी,
शिंकून शिंकून बेजार, पण धडधाकट
कासिल्दा