रूपालीची खारी भिंत

१२ फेब्रुवारी २०१०, पनवेल

आर्किटेक्चरच्या पोरांना मीच सांगितलं होतं, आपापल्या गावची माती आणा आणि हातभर उंच भिंत बांधा. रूपालीने उरणहून आजोबांच्या मिठागरातली माती आणली. आज बघते तर तिच्या भिंतीवर पांढरं मीठ फुटलेलं, हात लावला तर कोपऱ्याचा भुगा. ‘अगं, खारी माती कुणी वापरतं का?’ मी ओरडलेच. तिने भिंतीवर बोट फिरवून चाटलं आणि हसली. ‘मॅडम, मिठागर बाबांनी विकलं. पण मीठ काय गेलं नाय.’

यावर काय शिकवायचं? सोमवारी सगळ्या भिंती पाडायच्या आहेत. ही पाडवेल मला? पोरं गेल्यावर मीही बोट लावून चाटलं.

जेवताना हे म्हणाले, आमटी अळणी झालीय. मला तर खारटच लागली.