उतरायचं कसं ते लिहिलं नाहीस

दिग्रस, दि. २० सप्टेंबर २०२४

तीर्थरूप कुंदाताईस, यज्ञेश्वरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मुद्दाम लिहितो आहे, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर तू म्हणालीस की यज्ञेश्वरने जन्मात एक काम शेवटास नेले नाही. वर हार्मोनियम, होमिओपॅथी, मोडी लिपी आणि गच्चीवरचे मशरूम अशी यादीही वाचलीस. सगळे हसले. सर्वांत जास्त आमची ही हसली.

तरी कळवण्यास आनंद होतो की मी सायकल घेतली आहे, एकवीस गिअरची. भूमी अभिलेखात चौतीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजल्या, आता स्वतःच्या पायांनी रस्ता मोजणार. यंदा भाऊबीजेला, म्हणजे ३ नोव्हेंबरला, दारव्ह्यामार्गे सत्तर किलोमीटर सायकल मारून यवतमाळला तुझ्या दारात उभा राहीन. नाही राहिलो तर यादीत खुशाल भर घाल, मी पुन्हा काही सुरू करणार नाही.

प्रगती समाधानकारक आहे. पहिल्या दिवशी कुठला तरी गिअर असा पडला की पाय गरगर फिरत होते आणि सायकल जागची हलत नव्हती. कापूस बाजारासमोर एक बाई बकरी घेऊन चालली होती, ती पुढे निघून गेली. सायकलीसाठी आतून गादी शिवलेली चड्डी मिळते, तीही घेतली. हिने ती धुऊन गॅलरीत वाळत घातली, तर शेजारी विचारायला आले की घरात आजारी कोण आहे. जेवायला मात्र अजून उशीवरच बसतो.

तुझा लोभ या सीटपेक्षा मऊ असावा, ही विनंती.

तुझा धाकटा,
यज्ञेश्वर

---

यवतमाळ, दि. २७ सप्टेंबर

चि. यज्ञेश्वर यास कुंदाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. त्याला सत्तर किलोमीटर यायला पाच दिवस लागले, तेव्हा तू निदान त्याच्या आधी पोच. यादीत पोहणे राहिले होते, ते मी घातले आहे.

सायकलचे नाव काढलेस आणि जुने सगळे वर आले. तू नववीत गेलास तेव्हा बाबांनी तुला नवी सायकल आणली. मी अकरावीत. शाळा एकच. तू टणटण करत पुढे आणि मी दप्तर घेऊन पायी. मुलीला कशाला हवी सायकल, असे आजी म्हणाली आणि बाबा गप्प बसले. डबलसीट ने म्हटले की तू म्हणायचास, मागचे टायर बसेल. तेव्हा मी चाळीस किलोचीही नव्हते रे. असो. तेव्हा करायचे ते मी तेव्हाच केले.

भाऊबीजेला खरोखर सायकलने आलास, तर लहानपणी जिच्यासाठी तू दोन दिवस जेवला नव्हतास ती वस्तू तुला देईन. बसने आलास तर नुसता लाडू.

एक विचारायचे राहिले. सायकलवरून उतरायचे कसे? आधी ब्रेक, की आधी पाय, आणि कोणता पाय? शेजारच्या वच्छलाबाई विचारत होत्या.

सर्वांना आशीर्वाद, उशीलाही.

कुंदाताई

---

दिग्रस, दि. ६ ऑक्टोबर

ती. कुंदाताईस शि. सा. न. वि. वि.

सध्या उजव्या हाताला पट्टी आहे, अक्षर सांभाळून घे. लोकांनी डांबरी रस्त्यावर सोयाबीन पसरले आहे. वरून ट्रक-ट्रॅक्टर गेले की शेंगा आपोआप फुटतात, मळणी होते. मी त्यात वेगाने शिरलो. दाणे चाकाखाली फिरायला लागले आणि मी सायकलसकट ढिगात जाऊन बसलो. ज्यांचे सोयाबीन ते रामराव धावत आले. त्यांनी आधी ढीग पाहिला, मग मला. चेनमध्ये अडकलेले दाणे एकेक काढून त्यांनी परत ढिगात टाकले आणि हळूच मला विचारले, "काहून साहेब, पेन्शन बंद झाली का?"

आपल्याकडे या वयाचा माणूस हौस म्हणून सायकल चालवतो, हे कोणाला पटतच नाही. अमरने नागपूरहून येऊन बापाची कार नेली, अशी गावात बातमी आहे. कार दारात झाकून ठेवली आहे, तर लोक म्हणतात झाकणाखाली विटा असतील. रस्त्याने जाणारा प्रत्येक ओळखीचा गाडी थांबवतो आणि चला बसा म्हणतो. नाही म्हटले तर रुसतो. परवा दारव्ह्याच्या बसने भर रस्त्यात थांबून मला हाका मारल्या आणि आतले लोक माझ्यासाठी सरकून बसले. त्यांना समजावून सांगण्यात जेवढा दम जातो तेवढा चढावातही जात नाही.

सायकलला घंटी नाही. असल्या सायकलला ती शोभत नाही म्हणे, म्हणून मी तोंडानेच बाजू बाजू ओरडत जातो. त्यावरून बाबांनी आणलेल्या सायकलची पितळी घंटी आठवली. ती मारोतीनेच चोरली. अख्ख्या वर्गात पाना फक्त त्याच्याकडे होता. आज बाजाररस्त्यावर त्याचे सायकलचे दुकान आहे, गावात सर्वांत चांगले. पण एकोणपन्नास वर्षे मी त्याच्याशी बोललेलो नाही. पंक्चर काढायला चार किलोमीटर सायकल ढकलत गावाबाहेर जातो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

वच्छलाबाईंना सांग, या वयात नाही ते उद्योग करू नयेत.

लोभ असू दे, घरातले आयोडेक्सही काढून ठेव.

यज्ञेश्वर

---

यवतमाळ, दि. १३ ऑक्टोबर

चि. यज्ञेश्वर यास अनेक आशीर्वाद. तुमच्या वाटणीचे दसऱ्याचे सोने देवाजवळ ठेवले आहे.

माझे दोन्ही गुडघे आणि एक कोपर सोलवटले आहे. मोरीत घसरले. दोनदा. काळजी करू नकोस, सूनबाई हळद लावते.

वच्छलाबाईंचे म्हणशील तर त्यांनी तुझा निरोप मनावर घेतला नाही. आमच्या नातीची, दिपालीची सायकल घेऊन रोज पहाटे मैदानावर जातात. दिपाली मागून धरते, धरले आहे धरले आहे म्हणते आणि कधी सोडते कळतच नाही. म्हणजे वच्छलाबाईंना कळत नाही. जास्वंदीत पडून झाले, नगरसेवकाच्या मांडवात शिरून झाले. आता त्या सरळ जातात, वळतात, खड्डाही चुकवतात. उतरता तेवढे येत नाही. समोरच्या घराचे बांधकाम चालू आहे, त्या वाळूच्या ढिगात सायकल घालून थांबतात. परंतु घर पुरे होत आले आणि ढीग संपत चालला आहे. तरी उतरायचे कसे ते परतटपाली लिही. उपदेश नको.

आणि मारोतीकडे जात जा. हातात पाना असला म्हणून माणूस चोर होत नाही. मी सांगते म्हणून जा.

आशीर्वाद आहेतच.

कुंदाताई

---

दिग्रस, दि. १९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप वन्संस सा. न. वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. हे रोज सकाळी दारव्ह्यापर्यंत जाऊन आलो म्हणतात. जातात खरे, पण येताना रामरावांच्या मालवाहू टेम्पोत सायकल टाकून येतात, नाक्याबाहेर उतरतात आणि तेवढे घरापर्यंत चालवतात. घाम दिसावा म्हणून बाटलीतले पाणी डोक्यावर ओततात. मला रामरावांच्या घरच्यांनी सांगितले.

मी आधी पोट धरून हसले. पण परवा पूजा करता करता यांनी मला विचारले, खरेच का गं मी एकही काम पुरे केले नाही? फार वाईट वाटले, वन्सं. सत्तर किलोमीटर यांच्याने होणार नाही आणि हे कबूल करणार नाहीत. तुम्हीच लिहा की सायकलने नको, बसने ये. तुमचा शब्द हे मोडत नाहीत. मी तर त्या दिवशी पुसदला माझ्या भावाकडे असेन.

आहे तसा लोभ राहू द्या, पत्र मात्र फाडून टाका.

तुमची वहिनी

---

यवतमाळ, दि. २४ ऑक्टोबर

सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

गणपतीत मी बोलले ते चुकलेच. हशा मिळतो म्हणून बोलत गेले. पण आता नको येऊ म्हटले तर यादीत सहावे काम जाईल आणि ते मी घातलेले असेल. येऊ दे त्याला. निघाला की दिपालीला फोन करा, आणि तो साधारण कुठे दमतो तेवढे रामरावांना विचारून कळवा. पुढचे मी बघते.

तुमचे पत्र फाडले. दिपालीला वाचून दाखवल्यावर.

कुंदाताई

---

यवतमाळ, दि. ४ नोव्हेंबर

अमरच्या आईस, सप्रेम नमस्कार.

लग्नाला सदतीस वर्षे झाली आणि तुला हे तिसरे पत्र. फोनवर सांगितले तर तू आणि तुझा भाऊ मिळून हसाल, म्हणून पुसदच्या पत्त्यावर लिहितो आहे. पालथा पडून लिहितो आहे. तू ताईला काय काय कळवलेस ते मला कळले आहे, त्याबद्दल नंतर बोलू.

पहाटे पाचला निघालो, साडेआठला दारव्हा. तिथून पुढे सायकलने मी कधी गेलोच नव्हतो. दर दोन किलोमीटरला उतरत, रडतखडत, सात किलोमीटर यवतमाळ असा दगड आला तिथवर पोचलो. तिथे बाभळीचा काटा, मागच्या चाकात. सोबत ट्यूब होती, ती दुसऱ्याच मापाची निघाली. त्या दगडावर बसून मी खरोखर रडलो. तेवढ्यात रामराव आले, तेही आपल्या बहिणीकडेच निघाले होते. चला साहेब, कोणाले सांगत नाही, म्हणाले. मी पुढचे चाक गाडीत चढवले. हे तुलाच सांगतो आहे.

आणि घंटी वाजली. ती ओळखायला मला मान वळवावी लागली नाही. चढावावरून ताई येत होती. अंगावर ठेवणीतली पैठणी, डोक्यावर तिच्या स्वानंदचे हेल्मेट उलटे, आणि दिपालीची सायकल. मागे दिपाली स्कूटरवर, हसून हसून वाकडी. ताई माझ्याजवळ आली, आणि माझ्या समोरून सरळ पुढे गेली. जाता जाता ओरडली, "यज्ञा, उतरायचं कसं ते लिहिलं नाहीस!"

तिची दोन पत्रे आली आणि मला हे कळले नाही. मी धावलो. सायकलने सत्तर किलोमीटर येणार होतो, त्यातली शंभर पावले धावत केली. कॅरिअर धरले आणि आम्ही दोघे बहीणभाऊ सायकलसकट तुरीत गेलो. लागले कोणालाच नाही. ताईने पिशवीतून ताट काढले आणि मला त्याच दगडावर बसवून ओवाळले. ट्रक जाई आणि निरांजन विझे. शेवटी रामराव टोपी आडवी धरून उभे राहिले.

मग ती म्हणाली, तू सायकलने येणार होतास, चालव. माझी सायकल गेली रामरावांच्या गाडीत, आणि दिपालीच्या सायकलवर मी पुढे, ताई मागे, डबलसीट. मागचे टायर बसले नाही. सात किलोमीटर ती पाठीमागून बोलत होती. चढाव लागला तेव्हा मात्र हळूच म्हणाली, घंटी मीच काढली होती रे, तुझ्यावरच्या रागाने. आजवर पत्र्याच्या डब्यात होती. मी पायडल मारत राहिलो. दारापर्यंत पोचलो, मध्ये न उतरता. ताईने यादी फाडली आहे.

घरी बसने येईन. उभ्याने.

यज्ञेश्वर

---

दिग्रस, दि. ९ नोव्हेंबर

ती. कुंदाताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

काल मारोतीच्या दुकानात गेलो. तू दिलेली घंटी बसवायचे निमित्त केले. दारातच हात जोडले आणि म्हणालो, मी तुला एकोणपन्नास वर्षे चोर समजत होतो, चूक माझी. त्याने हात पुसले, घंटी एकदा वाजवून पाहिली आणि म्हणाला, "मले माहीत होतं. पाना माझाच नेलता ताईनं."

मी विचारले, मग तेव्हा बोलला काहून नाहीस? तर म्हणाला, ताई रडत होती, तिचं नाव कसं सांगू. मला चहा पाजला. पंक्चरही काढले. इतकी वर्षे मी तोंड फिरवून त्या माणसाच्या दुकानासमोरून जात होतो, हे दोन महिने तर सायकल ढकलत, आणि तो मान खाली घालून काम करत होता. मला फार लाज वाटली, ताई, ती तुलाच सांगतो.

घंटी माझ्या सायकलला बसवायला मात्र तो तयार झाला नाही. ही तुमची नाही, ज्यायची आहे त्यायले द्या, म्हणाला. म्हणून सोबतच्या डब्यात परत पाठवतो आहे. त्याने घासून दिली आहे, आणि बसवायला आपला तोच जुना पाना घातला आहे.

उतरायचे कसे ते लिहून समजत नाही, येऊन दाखवतो. तोवर चालवत राहा. वच्छलाबाईंना शि. सा. न.

तुझा,
यज्ञा