पाहुण्यांसमोर उचललेला कप

बाई, आज तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण दुसरं कुणी उरलेलंच नाही. आई गेली, आबा गेले, महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई गेल्या. त्या वर्षी काय झालं हे ज्यांना ज्यांना ठाऊक होतं, त्यातली मी एकटी शिल्लक आहे, आणि खोटं बोलणारीही मीच होते. मागच्या रविवारी आमच्या नातीला बघायला लोक आले होते. हल्ली बघायला म्हणत नाहीत, भेटायला म्हणतात, पण खुर्च्या तशाच मांडतात. नातीनं सगळ्यांना चहा दिला आणि उरलेला कप स्वतः घेऊन मुलाच्या आईशेजारी सोफ्यावर बसली. गप्पा मारत प्यायली. कुणाची भुवईसुद्धा हलली नाही. उलट ती आई माझ्याकडे वळून म्हणाली, "किती मोकळं वळण आहे हो मुलीला. तुमच्याकडूनच आलेलं दिसतंय." आणि मी, बाई, मी हसून म्हणाले, "आमच्या घरची रीतच आहे ती." बोलून गेले. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. एकदा सगळं तुमच्यावर ढकललं होतं, आता तुमचं होतं ते उचलून आमच्या घराच्या नावावर केलं. कुणाला सांगू? मुलीला सांगावं तर ती म्हणेल, आई, किती जुनी गोष्ट ती, सोड. जुनी झाली म्हणून सुटते का?

तुम्ही गावात आलात तेव्हा मी सोळा वर्षांची होते. पारनेर तालुक्यातलं आमचं कोरडं गाव, होळीच्या आधीच विहिरी तळ दाखवायच्या. मंडळानं शिवणाचा वर्ग काढला आणि नगरहून तुम्हाला बोलावलं. तुम्ही मिशनच्या शाळेत शिवण शिकलेल्या, तरुणपणी एका मडमेच्या कुटुंबाबरोबर दक्षिणेत गेलेल्या आणि पुढं पाँडिचेरीला एका फ्रेंच बाईच्या घरी अकरा वर्षं कपडे शिवून परत आलेल्या. गावानं लगेच तुमचं नाव 'फ्रेंचबाई' ठेवलं. नाव ठेवायला गावाला कधी उशीर लागत नाही. आम्हा पोरींना वाटलं, आता अत्तर, पावडर, उंच टाचा बघायला मिळणार. तर तुमच्याकडे मोजून तीन सुती पातळं. पण कोळशाच्या इस्त्रीनं अशी फिरवलेली की घडी उलगडताना आवाज व्हावा. "आरशात एकदा नीट बघायचं आणि मग अंगावरचं पातळ विसरून जायचं," तुम्ही म्हणायचात. "सारखा पदर ओढणारी बाई स्वतःचीच राखण करत बसते, तिला दुसऱ्याकडे बघायला वेळ कुठला?" वाण्याच्या दुकानात गेलात की आधी "नमस्कार शेठ, बरं आहे ना?" म्हणायचात आणि मग मीठ मागायचात. पहिल्या दिवशी शेठ मागं वळून बघायला लागला, आणखी कोण आलंय म्हणून. महिन्याभरात तोच तुम्ही दिसलात की गादीवरून उठून नमस्कार करायला लागला. आम्ही तोंडाला पदर लावून खिदळायचो, आणि घरी जाऊन तुमच्यासारखं चालून बघायचो.

किती गोष्टी होत्या तुमच्या. कुणी चांगलं म्हटलं तर 'कुठलं काय, जुनंच आहे' म्हणायचं नाही, 'बरं वाटलं' म्हणायचं. बाईमाणसानं उभ्यानं खायचं नाही, एकटी असली तरी बसायचं, मांडीवर स्वच्छ फडकं पसरायचं आणि सावकाश जेवायचं. पाहुण्याला एकट्याला खाऊ घालून आपण दाराशी उभं राहायचं नाही, एक कप आपलाही घ्यायचा, म्हणजे त्याला परक्यासारखं वाटत नाही. आणि माफी मागायची तर दोन शब्दांत मागायची, तिला कारण जोडायचं नाही. कारण जोडलं की ती वकिली होते. आमच्या आयांना माफी माहीत होती ती पाया पडून मागायची, नाहीतर मागायचीच नाही. मला तुमचं सगळं पाठ होतं. तुमच्या वर्गात पहिली मीच होते, हेही मला पाठ होतं.

तुम्ही आमच्या घरी यायचात ते मला आत्ताही दिसतं. आई तुमच्यासाठी वेगळा कप काढते. कान तुटलेला, बाहेर वळचणीच्या फळीवर ठेवलेला. तुम्ही ओट्यावर बसता, पाठ सरळ, मांडीवर फडकं, आणि तो कप असा धरता की जणू घरातला सगळ्यात चांगला कप तुम्हालाच दिलाय. "बरं वाटलं," म्हणता, स्वतः कप धुता, जागेवर ठेवता. मला तेव्हा वाटायचं, तुम्हाला कळतच नाही. बाई, सोळा वर्षांच्या पोरीला वाटतं, जगात कळणारी तीच एकटी.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आदल्या वर्षीचंही काही पिकलं नव्हतं, आणि त्या उन्हाळ्यात मला राहात्याकडचं स्थळ आलं. पाटाचं पाणी, ऊस, दारात दोन म्हशी. आबा दिवसभर एकच वाक्य बोलायचे, "पोरगी पाण्याच्या ठिकानी पडंल." ते झालं असतं तर धाकट्या बहिणीलाही त्यांनी चार महिने तिकडं ठेवून घेतलं असतं. आई तर देवाजवळ दुसरं काही मागतच नव्हती. माझ्या लग्नाचा नव्हता हो तो प्रश्न. घरातली दोन तोंडं पाण्याला लागणार होती.

मुलगा, त्याचे वडील आणि आत्या आले. शेजारून दूध आणलं, मास्तरांच्या घरून सहा कप आणले. मी तुम्ही शिवलेलं पांढरं पोलकं घातलं होतं. आत्यानं नाव विचारलं, सुई ओवायला लावली, उभं राहून चालायला लावलं. मग मी चहा दिला. मध्यस्थ आलाच नव्हता, त्याचा कप ताटात उरला. मी तो उचलला. आत्याच्या शेजारी चटईवर ऐसपैस बसले, मान वर करून विचारलं, "प्रवासात त्रास नाही ना झाला?" आणि चहाचा घोट घेतला. आत्यानं बशी ओठांजवळ नेली होती, ती तिथंच राहिली. मुलाच्या वडिलांनी आपला कप खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. आत्या म्हणाली, "पोरीला तहान लई लागलीया जनू." कुणीच हसलं नाही. दाराआडून आईचा चेहरा दिसत होता. मला वाटलं कप खाली ठेवावा, पण आता ठेवला तर जास्तच दिसेल म्हणून तसाच संपवला.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. पोरगी चांगली हाय, पर सासऱ्यासमोर बसून च्या पिनारी सून आमच्या घरात न्हाई चालायची. आबांनी ऐकून घेतलं, बैलांची दावी सोडली आणि गुरांच्या छावणीकडे निघून गेले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. आईनं मला दंडाला धरून भिंतीशी उभं केलं. "कोनी शिकवलं तुला ह्ये? आमच्या घरात कोन पितं आसं?" मी म्हणाले, "बाईंनी." एवढंच. एक शब्द. तो बोलताच आईचा हात सैल झाला, आणि मला किती बरं वाटलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बायका वर्गात जमल्या. तुम्ही मशीनवर होतात, पायाखालचं चक्र तुम्ही सावकाश थांबवलंत आणि सगळ्यांना नमस्कार केलात. अध्यक्षीणबाईंनी नमस्कार घेतला नाही. "पोरी बिघडवायला न्हवतं बोलावलं तुमाला," त्या म्हणाल्या. "तुमच्यात चालत आसंल, आमच्यात न्हाई चालत." मग मला पुढं ओढलं. "सांग, ह्यांनीच सांगितलं ना तसं करायला?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ. मी म्हणाले, "व्हय." तुम्ही डोळे काढून घेतलेत आणि त्यांना म्हणालात, "शिकवण माझीच आहे. मुलीला बोलू नका." वर्ग त्याच दिवशी बंद झाला. मशीन मंडळाचं होतं, ते उचलून नेलं. तुमची इस्त्री तेवढी तुमच्याकडे राहिली, पण कोळसा कुठून आणणार होतात?

नगरला तुमचा भाऊ होता, त्याच्या घरात आधीच आठ माणसं. तुम्ही गेला नाहीत. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आलात, आणि आम्हीही तिथंच. कसली तुमची ती बोटं, आणि हातात हातोडी. पातळाला इस्त्री नव्हती, पण अंथरुणाखाली घडी दाबून ठेवलेली कळत होती. सकाळी आल्या आल्या तुम्ही ओळीतल्या प्रत्येकीला नमस्कार करायचात. मलाही करायचात. मी मान खाली घालायचे. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारनं दिलेलं गोडसर कोरडं पीठ, वाटायला आली की बायका उभ्याउभ्याच मुठी तोंडात कोंबायच्या, पोटात आग पडलेली असायची. तुम्ही खडीच्या ढिगावर जागा साफ करायचात, बसायचात, मांडीवर ते पांढरं फडकं पसरायचात आणि त्यावर सुकडी ठेवून सावकाश खायचात. सगळ्या जणी हसायच्या. मी सगळ्यात मोठ्यानं हसायचे, आई शेजारी असायची ना. एकदा तुम्ही मला हाक मारलीत, "ये, बस इथं. उभ्यानं खाऊ नकोस." मी पाठ फिरवली. कानात तापलेलं शिसं ओतावं तशी ती हाक मला आजही ऐकू येते, बाई, तुम्ही रागावला नव्हतात म्हणूनच.

मग तुम्हाला ताप भरला. चार दिवस तशाच येत राहिलात. शेवटच्या दिवशी दुपारी तुम्ही फडक्याची घडी घातलीत आणि माझ्या हातोडीशेजारी ठेवलीत. "राहू दे तुझ्याकडे. मांडीवर टाकत जा. सुकडीचे डाग लवकर निघत नाहीत." मी ते उचलून कमरेला खोचलं. संध्याकाळी खडीच्या ट्रकमधून तुम्हाला नगरला नेलं. आठवड्यानं कळलं, तुम्ही गेलात. आई म्हणाली, "वाईट झालं, मानूस वाईट न्हवतं." आणि भाकरी थापायला लागली. रेशनवर आलेल्या अमेरिकन मिलो ज्वारीची लाल भाकरी. मी दोन खाल्ल्या.

आता ते सांगते जे कुणालाच ठाऊक नाही. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या खोलीवर आले होते. तुम्ही माझ्या पातळाला इस्त्री करत होतात. मी विचारलं, "बाई, उद्या त्यांच्याबरोबर चहा घेऊ?" तुम्ही इस्त्री बाजूला ठेवलीत. म्हणालात, "उद्या यातलं काहीएक करू नकोस. रीत कशासाठी असते? समोरच्यानं अवघडू नये म्हणून. तू कप उचललास तर ते अवघडतील. त्या घरात रुळलीस की हळूहळू सगळं होईल. मोकळेपणाला घाई नसते." शब्द न शब्द आठवतो. आणि तरी मी कप उचलला, कारण तो मुलगा माझ्याकडे बघत होता आणि मला ऐट करायची होती. तुमची शिकवण मी पाळली नव्हती, मोडली होती. आणि तुम्ही भर मंडळात, बायकांसमोर, ती मोडकी शिकवण स्वतःच्या नावावर घेतलीत. का घेतलीत, बाई? एक शब्द बोलला असतात, 'मी नको म्हणाले होते' एवढंच, तर वर्ग राहिला असता. तुम्ही राहिला असतात. मी अवघडू नये म्हणून गप्प बसलात का? असं कुणी करतं का हो? मला सांगा. मी आता सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेले आहेत, आणि ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मरायची मला भीती वाटते.

माझं लग्न पुढं नगरलाच झालं, एका कारकुनाशी. बरं चाललं. पंचेचाळीस वर्षं त्याच शहरात राहिले जिथं तुम्हाला पुरलं. रिक्षानं दहा मिनिटं. कबर शोधायला एकदाही गेले नाही. लोक म्हणतात, काकूंचं राहणं कसं साधं आणि देखणं, चार साड्या पण कशा नेसतात. मी म्हणते, "बरं वाटलं."

बघा ना, इतकं लिहिलं आणि सगळी वकिलीच झाली. दुष्काळ होता, वय लहान होतं, आई शेजारी होती. तुम्ही असतात तर चष्मा काढून म्हणाला असतात, दोन शब्द पुरेत. चुकलं माझं. घ्या. लिहिले. पण कागदावर लिहायला काय लागतं, त्या दिवशी वर्गात तुमच्यासमोर म्हणायचे होते ते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी घालून तुमच्या फडक्यात ठेवेन. ते फडकं मी आजवर मांडीवर घेतलेलं नाही. आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर मी कुणाही पाहुण्यासमोर चहाचा कप हातात धरलेला नाही. 'मला वर्ज्य आहे' म्हणते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन घाईघाईनं पिते. आत्ताही ओट्यावर माझा चहा गार होतोय. घरात कुणी नाही, खुर्ची रिकामी आहे. पण मी तो उभ्यानंच पिणार आहे.